पाच मायक्रॉनचे चाचा

ज्याच्या पोटाचं गुपित आमच्या चाचांना ठाऊक नाही, असा माणूस जव्हार-मोखाड्यात अजून जन्माला यायचा आहे. तहसील कचेरीतले कारकून, एसटीचे कंडक्टर, मशिदीतले मौलवीसाहेब, शाळेचे हेडमास्तर, शिरपामाळ बघायला येऊन वाट विचारायला थांबलेली पुण्याची मंडळी, कुणी म्हणजे कुणी त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. इतर माणसं भेटली की ‘काय, बरं आहे ना?’ म्हणतात आणि उत्तर न ऐकताच पुढे जातात. चाचा सलाम-नमस्कार आटोपला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि अगदी आपुलकीने विचारत, “शौचाला साफ होते का? रक्त पडतं? लाल पडतं की काळं?” माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी हा प्रश्न भर पंगतीत व्याह्यांना विचारला. व्याही डहाणूचे, पेशाने वकील. हातातली जिलबी ताटात ठेवून ते म्हणाले, “हा प्रश्न या ठिकाणी गैरलागू आहे.” चाचा म्हणाले, “बराबर, वकीलसाब. इथं नाही, उद्या सकाळी बघून सांगा. मला घाई नाही.” मी कपाळाला हात लावला. पुढे वर्षभर व्याही माझ्याशी धड बोलले नाहीत. पण आठव्या दिवशी चाचांच्या नावे एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं : ‘तपासले. नाही.’ चाचांनी ते कार्ड मला दाखवलं आणि म्हणाले, “माणूस चांगला आहे. पोरगी सुखात राहील.”

आता हा गृहस्थ डॉक्टर होता का? मुळीच नाही. चाचांचे वडील जव्हारातले कल्हईवाले. भाता, नवसागर आणि काळी पडलेली पातेली यांच्यात चाचांचं लहानपण गेलं. मॅट्रिकनंतर ते मुंबईला गेले आणि कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत चिकटले. काम काय, तर आजाराच्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. लग्न झालं होतं, पण बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास ते परत गावी आले आणि माझ्या औषधाच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. तेव्हा आमचा जिल्हा अजून ठाणेच होता आणि जव्हारात मुंबईहून परत येणारा माणूस म्हणजे एकतर नोकरी गेलेला किंवा प्रकृती बिघडलेला. चाचांचं दोन्ही शाबूत होतं, म्हणून लोक त्यांच्याकडे जरा संशयानेच बघत.

खोली वर असली तरी चाचांचा मुक्काम खाली, माझ्या काउंटरजवळच्या स्टुलावर. तिथे बसून ते पेपर वाचत आणि कान माझ्या गिऱ्हाइकाकडे ठेवत. कुणी खोकल्याचं औषध घेतलं, चाचा पान उलटत. कुणी डोळ्यात घालायचे थेंब घेतले, चाचा पान उलटत. पण कुणी इकडेतिकडे बघून आवाज खाली घेतला आणि मूळव्याधीचं मलम मागितलं, की पेपर मिटलाच म्हणून समजा. “किती दिवस झाले? वजन उतरलं का? आधी नीट होत होती, आता बदललं का?” गिऱ्हाईक बिचारं लाजेने अर्धमेलं. मूळव्याध ही आमच्याकडे सासऱ्यापासून, जावयापासून, इतकंच काय बायकोपासूनही लपवायची गोष्ट. ती भर रस्त्यावरच्या दुकानात चव्हाट्यावर आलेली कोण सहन करणार? लोक पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जाऊ लागले. मी चिडलो. म्हटलं, “चाचा, माझं दुकान बंद पाडायला मुंबईहून आलात का?” ते शांतपणे म्हणाले, “शेठ, तू मलम विक. मी फक्त विचारतो. शंभरातल्या नव्व्याण्णवांना मूळव्याधच असते रे. मी त्या एकासाठी बसलोय.” मी म्हटलं, तो एक येईपर्यंत माझे नव्व्याण्णव जातील. ते हसले आणि पेपर उघडला.

त्यांच्या हातात मात्र जादू होती, हे कबूल केलं पाहिजे. ते जगातली प्रत्येक वस्तू मायक्रॉनमध्ये मोजत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि गाठीचा काप पाच मायक्रॉनचा हवा. चार झाला तर रंग फिका, सहा झाला तर पेशी एकमेकींवर चढतात. रिटायर झाले तरी हा पाचाचा आकडा त्यांच्या बोटांतून गेला नाही. काकडी कापायला बसले की चकती अशी पातळ की खालचं ताट दिसावं. एका काकडीला पाऊण तास. टोमॅटो त्यांच्याकडे द्यायचा नाही, असा आमच्या घरात नियमच झाला होता, कारण जेवणं उरकली तरी कोशिंबीर तयार होत नसे. बकरी ईदला तर खाटीक त्यांना बघून दार लावून घ्यायचा. बकऱ्याचं आतडं हातात घेऊन चाचा उजेडाकडे धरत, दोन बोटांतून पुढे सरकवत, आणि सगळा मोहल्ला ताटकळून बसला असताना शेवटी निर्वाळा देत, “साफ आहे. शिजवा.”

दुसरी गंमत चहाची. प्रयोगशाळेत त्यांच्या साहेबांचं, म्हणजे ‘सरां’चं, संशोधन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर होतं. आपल्या पेशींत वाढ चालू करणारी काही जनुकं असतात. ती बिघडून सतत चालूच राहिली की त्यांना ऑन्कोजीन म्हणतात. ती किती जोरात चालू आहेत ते बघायला एक खास रंग लावतात. जनुक थंड असेल तर पेशी फिकी, पेटलेलं असेल तर तपकिरी. त्याला सर गुण देत : एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. सरांचं म्हणणं असं, की तपकिरी रंग जितका गडद तितकी गाठ पळणारी. आधी शेजारच्या ग्रंथीत, मग यकृतात, मग कुठेही. चाचांनी असे हजारो काप रंगवले, आणि सरांवर त्यांचा कुराणाखालोखाल विश्वास. त्याचा परिणाम एवढाच झाला, की एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला चाचा ‘दोन प्लस दे’ म्हणत आणि तो बरोबर दोन प्लस देई. पाहुण्यांना तीन प्लस. दूध जास्त पडलं तर चाचा पेला परत करून म्हणत, “हा निगेटिव्ह आहे.” हळूहळू स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर प्लसमध्ये चहा मागायला लागले. त्यामागे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि चाचांनी सांगितलं असतं तर बहुधा त्यांनी चहाच सोडला असता.

पण सांगायची हौस चाचांना दांडगी. एकदा साखरशेतला ओळखीच्या माणसाकडे आम्ही दोघं गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, लोक राब भाजत होते. भाताचं नि नाचणीचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, तोच राब. चाचांनी चारपाच शेतकरी गोळा केले आणि व्याख्यान सुरू. “हा विस्तव तुम्हीच लावला ना? हवाच आहे ना? मग तेच आपल्या आतलं जनुक. पोर वाढायला, जखम भरायला तो विस्तव लागतो. पण विझायच्या वेळी विझला नाही, बांध ओलांडून डोंगरावर गेला, की तो कॅन्सर. आणि ठिणगी उडून पलीकडच्या डोंगरावर पडली, तर मग कोण विझवणार?” सगळे ऐकत होते. एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, “तं मंग चाचा, आमी राब लावायच्या आंदी कडंनं झाडून घेतो. तुमच्या त्या डाक्टराला येवढा समजं नाय?” चाचा एवढे खूश झाले, की त्या माणसाचं नाव लिहून घेऊन त्यांनी सरांना पत्र पाठवलं. सरांचं उत्तर आलं नाही. चाचा म्हणाले, विचार करत असतील.

तर तो एक माणूस आला. म्हणजे आली. बुधीबाई पोशेऱ्याची, चाळिशीच्या आतबाहेरची, दोन एकर भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी करणारी. ती चाचा गावी यायच्या आधीपासून माझ्याकडून मलम नेत होती. दर महिन्याला यायची, पदराखालून रिकामी नळी दाखवायची आणि बोट वर करायची, म्हणजे एक द्या. पुढे चाचा स्टुलावर बसायला लागले, पण बोलायचंच नसल्यामुळे ती त्यांच्या कानाला सापडली नाही. त्या दिवशी नळी तिच्या हातून खाली पडली आणि चाचांच्या पायाशी आली. झालं. चाचांचा प्रश्न तयारच होता. आमच्याकडे पाड्यावरची माणसं कलेक्टरलाही ‘तू’ म्हणतात आणि लाजतात फक्त शहरातल्यांपुढे. पण बुधीबाईने चाचांकडे नीट बघितलं आणि कोण जाणे का, सगळं सांगून टाकलं. रक्त पडतं. काळपट पडतं. भाकर जात नाही. नाचणी दळायला बसलं की चक्कर येते. चाचांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “शेठ, किती महिने नेते ही मलम?” मी म्हटलं, दहाएक. त्यांनी खाली पडलेली नळी उचलून काउंटरवर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दहा महिने मी तिला नळ्या दिल्या होत्या आणि तिचा चेहरा उतरतोय हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं.

पुढचं चाचांनीच केलं. तिला आणि तिच्या नवऱ्याला, नवसूला, घेऊन नाशिक गाठलं. दुर्बीण घातली, गाठ निघाली. होळीच्या सुमाराला ऑपरेशन झालं, गाठ आतड्यासकट काढली. आता मुख्य सवाल एकच होता : गाठ जागेवरच होती की पळाली होती? ते बघायला कापलेला भाग तपासायचा होता. त्या काळी हा तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या औषधी पाण्यात घालून बरणी नातेवाइकाच्याच हातात देत आणि सांगत, जा, लॅबला पोचव. चाचांनी ठरवलं की तुकडा मुंबईला, सरांकडेच जाणार, आणि काप स्वतः काढणार. काप काढायचं आपलं जुनं पातं खोलीतून घ्यायला ते एक दिवस आधी जव्हारला आले. नवसूने बरणी घेऊन नाशिकहून यायचं, इथून दोघांनी मिळून ठाण्याची गाडी पकडायची. चाचांनी त्याला बजावलं होतं, बरणी हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. उघडायची नाही हे सांगायचं राहिलं, कारण कुणी उघडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नवसू दुकानात आला. बरणी छातीशी धरलेली, वर फडकं बांधलेलं. आणि त्याच्याबरोबर दुकानात जो वास शिरला तो दवाखान्याचा नव्हता. तो आमच्या भागातल्या प्रत्येकाला ओळखीचा असतो. पीत असो नसो. चाचांनी फडकं सोडलं, नाक जवळ नेलं आणि मागे सरकले. “नवसू, हे काय आहे?” नवसू शांतपणे म्हणाला, “मोहाची हाय. पहिल्या धारेची. घरची.” मग हळूहळू उलगडलं. नाशिकच्या गाडीत झाकणाखालून वास यायला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाटेत पोशेऱ्याला उतरून तो घरी गेला, तिथे झाकण उघडलं. “चाचा, माझे डोळे येवढे झोंबले, तं तिच्या तुकड्याला किती झोंबत असंल? म्हनून तो पानी वतून दिला. दारूत काय नासत नाय. आमी जडीबुटी पन तीतच ठेवतो.” एवढं बोलून तो चाचांकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, शाबासकी मिळेल.

चाचा स्टुलावर बसले, टोपी काढली, डोकं धरलं. “या अल्ला. तीस वर्षांत असं कुणी केलं नाही.” मी म्हटलं, संपलं सगळं. नवसूचा चेहरा पडला. त्याला एवढंच कळलं की बायकोचं काहीतरी त्याने बिघडवलं. मग चाचा एकदम उठले. “शेठ, चमचा दे. काडेपेटी दे.” बरणीतला चमचाभर द्रव त्यांनी काउंटरवर घेतला आणि काडी लावली. निळी, स्वच्छ ज्योत उठली आणि चमच्यात जवळजवळ काही उरलं नाही. चाचा वाकून बघत होते. मग म्हणाले, “अरे, लॅबमध्ये तरी आम्ही काय करतो? फॉर्मॅलिनमधून काढून अल्कोहोलमध्येच टाकतो. चालेल. अल्ला माफ करो, पण चालेल. नवसू, तू दारू चांगली गाळतोस.” आयुष्यात दारूला न शिवलेला तो माणूस मग ती बरणी मांडीवर घेऊन ठाण्याच्या एसटीत बसला. गाडी सुटायच्या आधीच वास पसरला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “चाचा, तुम्हीसुद्धा?” चाचा म्हणाले, “माझी नाही, पेशंटची आहे.” त्याने ते काही ठाण्यापर्यंत खरं मानलं नाही.

ते दहा दिवसांनी परतले. मी चहा मागवला, तीन प्लस, तर त्यांनी पेल्याला हात लावला नाही. सरांच्या लॅबमधल्या पोरींनी आतड्याभोवतीची चरबी चाचपून जेवढ्या ग्रंथी काढल्या होत्या, त्यांहून चार जास्त चाचांच्या बोटांनी शोधल्या. त्यांतल्या एकीत गाठ पोचलेली होती. मग सरांनी तो खास रंग लावायला सांगितला. मोहाच्या दारूतून आलेल्या तुकड्यावर रंग असा काही बसला, की सरांनी सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं, काप असा घ्यायचा, रंग असा चढायला हवा. हे सांगताना चाचांच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली आणि लगेच गेली. “शेठ, इतका गडद तपकिरी मी पाहिला नाही. तीनच्या पुढे आकडा नाही म्हणून तीन. पण तो तीन नव्हता.” मी विचारलं, म्हणजे काय? “म्हणजे दोन वर्षं. सरांच्या हिशेबाने दोन वर्षं. सुया घेतल्या तरी.” मी विचारलं, नवसूला काय सांगितलं? म्हणाले, “सुया घ्यायच्या, एवढं सांगितलं. त्याने विचारलं, तुकडा चांगला राहिला का? मी म्हटलं, तुझ्यामुळे फार चांगला राहिला.”

सुया म्हणजे इंजेक्शनं, दर महिन्याला नाशिकला जाऊन घ्यायची. तीन झाली. जुलैत चौथी होती आणि भाताची आवणी आली. रोपं उपटून चिखलात लावायचे ते चारपाच दिवस आमच्याकडे कुणी मयतालाही जात नाही. बुधीबाईने कळवलं, जमणार नाही. चाचा पहिल्या गाडीने पोशेऱ्याला. फाट्यावरून तिचं घर म्हणजे छातीवर येणारा चढ. तो चढून चाचा बांधावर उभे राहिले आणि जनुक, ठिणगी, सगळं पुन्हा सांगितलं. बुधीबाई गुडघाभर चिखलात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तं मंग तू लाव रोपं. मी जाते सुईला.” चाचांनी विजार वर केली आणि उतरले. बुधीबाई खरोखर नवसूला घेऊन नाशिकला गेली. हे सगळं मला पोशेऱ्याच्या दहा जणांनी दहा वेळा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यांना हसू आवरत नव्हतं. कारण चाचांनी दोन दिवसांत जेमतेम एक खाचर लावलं. पण काय लावलं! रोप आणि रोप यांच्यातलं अंतर बोटाने मोजून, ओळ अशी सरळ की सुतार दोरी मारून गेला असावा. आजूबाजूची माणसं आपलं काम टाकून बघायला आली. उरलेलं शेत मग गावानेच हसत हसत लावून दिलं. बुधीबाई परतली आणि ते खाचर बघून म्हणाली, “येवढा सरळ भात कोन खाईल?” पण सुया तिने सहाच्या सहा पुऱ्या केल्या.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चाचा पोशेऱ्याला जाऊ लागले. निमित्त दर वेळी वेगळं : नाचणी आणायची आहे, मध हवा आहे, नवसूला अमुक निरोप द्यायचा आहे. संध्याकाळी परत आले की दुकानासमोर थांबून मला एकच शब्द सांगत, “आहे.” आणि वर जात. आधी मी मान हलवायचो. मग मला गुरुवारची वाट बघायची सवय लागली. गिऱ्हाइकाला सुटे परत देताना माझं लक्ष स्टँडकडे असे. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा चाचांना जेवण जाईना. मुंबईहून तपासणीची तारीख आणली आणि तिला घेऊन गेले. यकृत साफ. पोट साफ. तिसरं वर्ष गेलं. चौथं. पाचव्या वर्षी त्यांनी माझ्या काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “शेठ, माझी तीस वर्षं खोटी पडायला लागली.” बोलताना ते इतके आनंदात होते की मला कळेना, अभिनंदन करावं की सांत्वन. त्यांनी सरांना कळवलं. या खेपेस सरांचं उत्तर आलं : काचेवरचं नाव तपासा, अदलाबदल झाली असेल, आणि नसेल झाली तरी एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. अदलाबदलीच्या शंकेने चाचा आठवडाभर धुमसले. दुसऱ्या वाक्यावर मात्र ते म्हणाले, “सरांचं बराबर आहे. शास्त्रात एका बाईने काही होत नाही. पण बुधीबाई तर एकच आहे ना?”

मी आता सांगतो ते सरळ सांगतो. चाचा गेले ते कुठल्याही गाठीने नाही. पुढे काही वर्षांनी एका दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. हृदय थांबलं, एवढंच. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. स्टँडवरच्या चहावाल्याने दुकान बंद ठेवलं. मी खाली बसून होतो, वरच्या खोलीत पावलं वाजत नव्हती आणि मलम न्यायला आलेल्या माणसाला मी मलम दिलं आणि चाचांचे सगळे प्रश्न विचारल्याशिवाय त्याला सोडलं नाही. मला चाचांची फार आठवण येत होती, दुसरं काही नाही.

बुधीबाईला कुणी कळवलं नव्हतं. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात ती स्वतः आली. केस पिकलेले, पण अंगाने चांगली भरलेली. फडक्यात उडदाची डाळ बांधून आणली होती. “चाचा दोन येळेस नाय आला. आजारी हाय का?” मी सांगितलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “येकलाच व्हता बिचारा. घरी यायचा, माना इचारायचा, बरी हाय ना? मी हो म्हनले का डोळ्यांना पानी आनायचा. माना वाटं, डोक्यानं जरासा गेलाय. म्हनून मी जेवल्याबिगर जाऊ देत नव्हते.”

इतकी वर्षं जी गोष्ट चाचांनी तिला सांगितली नव्हती, ती मी तिला सांगितली. सांगू नये असं क्षणभर वाटलं, पण आता ती सांगण्याने कुणाचं काय बिघडणार होतं? काचेवरचा तो रंग, सरांचा दोन वर्षांचा हिशेब, आणि दर महिन्याच्या गुरुवारी म्हातारा नाचणीसाठी नाही, तर ती जिवंत आहे की नाही हे बघायला येत होता, सगळं सांगितलं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. दोन वर्षांचं ऐकून ती दचकली नाही. डाळीचं गाठोडं तिने माझ्या काउंटरवर ठेवलं आणि मग माझ्यावर जवळजवळ रागावलीच.

“येवढाच व्हता, तं सांगायचा ना तवाच,” ती म्हणाली. “मीच येत गेले असते जव्हारला. म्हाताऱ्याला तो चढ कशाला चढू दिला असता मी?”